ज्यांना दुसरे सत्र नसते
(खोडाळा परिसरातील प्राथमिक शाळांच्या प्रश्नावर कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



प्राथमिक शाळेच्या सहली, क्रीडास्पर्धा आणि गावातले उपक्रम हा राजकीय कार्यकर्त्याच्या चिंतेचा विषय होऊ शकतो का, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येईल. तो गैरवाजवी नाही. मोखाडा तालुक्यात प्रश्नांचा तुटवडा नाही. उन्हाळा लागला की पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. रोजगार हमीच्या कामासाठी आणि केलेल्या कामाच्या मजुरीसाठी मोर्चे काढावे लागतात. १९९२-९३ साली शेजारच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके दगावली, तेव्हा कुपोषण हा शब्द सबंध महाराष्ट्राच्या तोंडी झाला. २०१६ साली ह्याच जव्हार-मोखाडा भागातील बालमृत्यूंनी वर्तमानपत्रांचे रकाने पुन्हा भरले. अशा ठिकाणी मुलांच्या सहलीचा विषय काढणे म्हणजे ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला पंगतीचा बेत विचारण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल.

परंतु विषमता ही काही केवळ उपासमारीच्या आकड्यांतून प्रकट होत नसते. शाळेच्या अंगणात सहलीची एसटी उभी राहते आणि वर्गातली निम्मी मुले तिच्यात चढत नाहीत, तेव्हाही ती प्रकट होते. आकडे सरकारदरबारी नोंदले जातात. न चढलेल्या मुलाची नोंद मात्र कोठेच होत नाही. ह्या न झालेल्या नोंदीकडे कार्यकर्त्यांचे लक्ष जावे, एवढाच ह्या विवेचनाचा हेतू आहे.

खोडाळा परिसरातील जिल्हा परिषदेच्या शाळेचे वर्ष कसे जाते ते प्रथम पाहावे. जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि त्याच सुमारास पाऊसही उघडतो, तो मिटण्यासाठी नव्हे. ओहोळ भरून वाहू लागतात, पाड्याची वाट तुटते, घरोघरी आवणीची घाई असते आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम शाळकरी मुलांवर येते. पंधरा ऑगस्ट, त्याआधीचा नऊ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन, शिक्षक दिन, गांधी जयंती असे दिवस पार पडतात. मैदान चिखलाचे असते, म्हणून खेळ नाहीत. रस्ते बेभरवशाचे असतात, म्हणून सहल नाही. हे सारे 'दुसऱ्या सत्रात' व्हावयाचे असते. दिवाळीनंतर आकाश निवळते, मैदान कोरडे होते, आणि मग केंद्रापासून जिल्ह्यापर्यंतच्या क्रीडास्पर्धा, डिसेंबर-जानेवारीतील सहल, तीन जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, प्रजासत्ताक दिन, स्नेहसंमेलन असा कार्यक्रमांचा सुगीचा हंगाम सुरू होतो.

पण ह्याच दिवाळीनंतर आणखी एक गोष्ट घडते. नागली, वरई आणि भात घरात येऊन पडते. ते किती दिवस पुरणार ह्याचा हिशेब प्रत्येक घरात तोंडपाठ असतो. वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतलेली असते, किंवा आता घ्यावयाची असते. मग भिवंडी, वसई, कल्याण, शहापूर ह्या बाजूंना कुटुंबेच्या कुटुंबे निघतात. कोणी नाशिककडच्या शेतमळ्यांवर, कोणी बांधकामांवर जाते. भांडीकुंडी, कोंबड्या आणि मुले बरोबर असतात. ती परततात पावसाच्या तोंडावर. म्हणजे शाळेत ज्या दिवसांत खेळ, सहल आणि संमेलन असते, नेमक्या त्याच दिवसांत ही मुले भट्टीवर असतात. पहिले सत्र पावसाचे, दुसरे सत्र विटांचे. ह्या मुलांच्या वाट्याला येणाऱ्या शाळेत पाठ असतात, उजळणी असते, खिचडीही असते. पण शाळेचा म्हणून जो आनंद पुढे जन्मभर आठवतो, तो भाग त्यांच्या वाट्याला येत नाही. आणि हे कोणाच्या दुष्टपणाने घडत नाही, केवळ एका वेळापत्रकाने घडते, हे अधिक गंभीर आहे. दुष्टाशी झगडता येते. वेळापत्रकाविरुद्ध मोर्चा काढण्याचे कोणाला सुचत नाही.

हे वेळापत्रक देवाने घालून दिलेले नाही. शहरातील मुलांच्या सोयीने ते बेतले गेले आणि डोंगरावरच्या मुलांना ते जसेच्या तसे लागू झाले. ह्याच पालघर जिल्ह्यात त्याचे उत्तर फार पूर्वी शोधले गेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा मुले आळशी आहेत किंवा पालक अडाणी आहेत असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. गुरे जेथे चरतात त्या कुरणातच त्यांनी शाळा नेली आणि तिला कुरणशाळा हे नाव दिले. मुलाने शाळेच्या वेळेला जुळवून घ्यावे ह्याऐवजी शाळेने मुलाच्या वेळेला जुळवून घ्यावे, हे त्या प्रयोगाचे सार होय. त्याच विचाराने १९९० नंतरच्या काळात वसई भागातील वीटभट्ट्यांवर विधायक संसदेने भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची झोपडी. त्याहूनही मागे जावयाचे तर महात्मा फुले ह्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शेतकऱ्यांची मुले गुरांमागे आणि शेतावर गुंतलेली असतात हे स्पष्ट सांगितले होते. बारा वर्षे वयापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे, अभ्यासक्रमात शेतीचे धडे असावेत आणि गरीब मुलांना शाळेकडे ओढण्यासाठी शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, असा त्यांचा आग्रह होता. मुलाला शाळा हवीहवीशी वाटली पाहिजे, ही फुल्यांचीही मागणी होती.

आता सहल, खेळ आणि समाजोपयोगी उपक्रम ह्या तीन गोष्टींचा वेगवेगळा विचार करावा.

सहल घ्या. एसटी महामंडळ शालेय सहलींना निम्म्या भाड्याची सवलत देते. तरी उरलेले निम्मे भाडे, खाणे आणि प्रवेशशुल्क पालकांनाच द्यावे लागते. दोन मुले शाळेत असलेल्या मजुराला ती रक्कम म्हणजे कित्येक दिवसांची कमाई असते. म्हणून वर्गाचे दोन भाग पडतात: जाणारे आणि न जाणारे. दुसऱ्या दिवशी गुरुजी 'सहलीचे वर्णन' हा निबंध सर्वांना लिहायला सांगतात. जो गेला नाही त्याने काय लिहावे?

आणि सहल जाते कोठे? मुंबईला राणीचा बाग, नाशिकला देवळे, आणि अलीकडे पुष्कळ शाळांच्या यादीत महामार्गालगतचे वॉटर पार्कही आले आहेत. शहर पाहू नये असे नाही. समुद्र प्रत्येक मुलाने पाहिलाच पाहिजे. पण ज्या तालुक्यातील आया मैलोन्मैल हंडे वाहतात तेथील मुलांनी पैसे भरून पाण्यात खेळायला जावे, आणि ते पाणी कोठून येते हे त्यांना कोणीही दाखवू नये, ह्याला शिक्षण म्हणता येणार नाही. खोडाळ्याच्या एका अंगाला ऊर्ध्व वैतरणा आहे. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण उभे आहे. त्याची उंची १०० मीटरांहून अधिक आहे आणि मुंबईला त्यातून रोज सुमारे ४५.५ कोटी लिटर पाणी मिळावे अशी योजना आहे. तानसा १८९२ चे, मोडकसागर १९५७ चे, ऊर्ध्व वैतरणा १९७३ चे. मुंबईच्या तहानेचा सव्वाशे वर्षांचा इतिहास ह्या डोंगरांत दगडाने आणि काँक्रीटने लिहून ठेवला आहे. चौथीतल्या मुलाला तेथे उभे केले आणि 'हे पाणी कोठे जाते?' एवढे विचारले, तर भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र ह्यांचे तीन तास एका दुपारी होतात. ह्या सहलीला प्रवेशशुल्क नाही. सूर्यमाळच्या पठाराला नाही, देवबांधच्या नदीकाठालाही नाही.

साने गुरुजींच्या आंतरभारतीच्या कल्पनेत प्रांताप्रांतांतील माणसांनी एकमेकांना जाणून घेण्याची तळमळ होती. प्रांतांची गोष्ट दूर राहो. एकाच जलवाहिनीच्या दोन टोकांवरची मुले अद्याप एकमेकांना ओळखत नाहीत. मुंबईच्या महापालिका शाळेतील एक वर्ग खोडाळ्याला यावा, खोडाळ्याचा वर्ग मुंबईला त्याच्या घरी जावा, अशी अदलाबदलीची सहल घडविणे दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांना अशक्य नाही. नळ सोडणाऱ्या मुलाने नळाचे उगमस्थान पाहिले, तर पुढे नागरिक म्हणून तो निराळा प्रश्न विचारील.

दुसरी गोष्ट खेळांची. ह्या डोंगरातील मुलांना पळायला कोणी शिकवावे लागत नाही. मोखाड्याला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा ह्या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. तिचा अभिमान सर्वांनाच आहे. तथापि एका पदकाने हजारो मुलांच्या रिकाम्या मैदानाची भरपाई होत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य असावे असे २००९ सालीच लिहिले गेले. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून प्राथमिक शाळेला खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. पण उतारावर वसलेल्या पाड्याच्या शाळेला सपाट जागाच नसेल, तर चेंडू आणून तो दरीतच जावयाचा. शाळेभोवतीची जमीन बहुधा वनखात्याची असते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे ग्रामसभेच्या शिफारशीने शाळेसारख्या सार्वजनिक सोयीसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन मिळू शकते. हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागू नयेत एवढी अट आहे. नवी शाळा किंवा तिचा विस्तार योजताना त्यात मुलांच्या खेळण्याच्या जागेचा विचार करावयास ग्रामसभेला कोणी अडविलेले नाही. वनहक्काचे वैयक्तिक दावे भरताना कार्यकर्त्यांनी रात्री जागविल्या आहेत. शाळेसाठी हे कलम मात्र फारसे कोणी उघडून पाहत नाही.

खेळाचा आणखी एक संबंध पोटाशी आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा शासनाचा निकष आहे. ज्याच्या दिवसातील हेच मुख्य जेवण आहे, त्याला सकाळी उपाशीपोटी शर्यतीत उभे करणे हा क्रूरपणा होय. स्पर्धेच्या दिवशी सकाळची न्याहारी ही चैन समजू नये. ती शर्यतीची पहिली अट समजावी.

तिसरी गोष्ट समाजोपयोगी उपक्रमांची, आणि येथे सर्वांत अधिक विवेक हवा. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेपुढे श्रमातून शिक्षणाचा विचार मांडला, तो हातांना काम माहीत नसलेल्या शिक्षिताला माणूस करण्यासाठीही होता. पण भट्टीवर विटा उलटून आलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला श्रमाची प्रतिष्ठा शिकविण्यासाठी पुन्हा हातात झाडू देणे म्हणजे त्या विचाराची विटंबना आहे. तिच्या वाट्याला श्रम पुष्कळ आले आहेत. आले नाही ते श्रमामागचे ज्ञान. वनराई बंधारा बांधताना तिने गोणी वाहण्याऐवजी पाणी किती अडले हे काठीने मोजावे, वहीत लिहावे आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे. पाड्यावरील म्हाताऱ्यांकडून वरई-नागलीच्या बियाण्यांची नावे गोळा करावीत, रानभाज्यांची यादी करावी, बोहाड्यातील सोंगांच्या कथा उतरवून घ्याव्यात. असा उपक्रम गावालाही उपयोगी पडतो आणि मुलालाही मोठे करतो.

साहेब आले की मुलांना रंगीत कपडे चढवून तारपा नाच करायला लावण्याची प्रथा मात्र बंद व्हायला हवी. तारपा हा सुगीच्या आनंदाचा नाच आहे. तो पाहुण्यांच्या स्वागतासाठी उन्हात ताटकळणाऱ्या मुलांचा नाच नव्हे. ज्या संस्कृतीचा गौरव करावयाचा, तिलाच दारातील तोरण करून टाकण्याचा हा प्रकार आहे.

मग करावे काय? गेल्या काही वर्षांत शासनाच्या कागदावर चांगल्या गोष्टी पुष्कळ आल्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात दप्तराविना दिवस आहेत. महाराष्ट्रात २०२४ साली 'आनंददायी शनिवार' जाहीर झाला. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. आईबाप कामावर गेले तरी मूल गावातच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. हमी पत्रकाने मुलाचे नाव पटावर राहते, हे खरे. पण पट सांभाळला म्हणून कबड्डीच्या संघातील त्याची जागा सांभाळली जात नाही. योजना असणे आणि त्या मुलापर्यंत पोहोचणे ह्यांत जे अंतर आहे, ते चालून जाण्यासाठीच कार्यकर्ता असतो.

पहिले काम वेळापत्रकाचे. पावसाचा जोर ओसरल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस हे ह्या भागातील मुलांचे खरे दुसरे सत्र आहे. सर्व मुले तेव्हा गावात असतात. केंद्रस्तरावरील खेळ आणि जवळची सहल ह्याच दिवसांत व्हावी, अशी मागणी शिक्षकांना बरोबर घेऊन पंचायत समिती व जिल्हा परिषदेपुढे ठेवली पाहिजे. एकटी शाळा स्पर्धेची तारीख बदलू शकत नाही. म्हणूनच हा राजकीय प्रश्न आहे. कापणीचे दिवस टाळून, पालकांना विचारून तारखा ठरविता येतील.

दुसरे काम पैशाचे. मोखाडा-जव्हार हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींकडे थेट वळविण्याचा निर्णय अमलात आला आणि शिक्षण हे त्याच्या खर्चाच्या मान्य बाबींपैकी एक आहे. मुलांच्या सहलीचा आणि न्याहारीचा खर्च त्यात बसवावा, असा ठराव ग्रामसभेत मांडावा. तो नाकारला गेला तर कारण लेखी मागावे. शाळेने एकच नियम करावा: सहल जाईल ती सगळ्यांची, नाहीतर कोणाचीच नाही. जवळची सहल निवडली तर हा नियम पाळणे कठीण नाही.

तिसरे काम शाळा व्यवस्थापन समितीचे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदाच आहे. पुष्कळ ठिकाणी ही समिती सह्या करण्यापुरती उरते. दसऱ्यापूर्वी तिची एक बैठक अशी व्हावी की जिच्यात कोणते कुटुंब कोठल्या भट्टीवर जाणार, कोणते मूल आजीपाशी ठेवता येईल, हंगामी वसतिगृहासाठी किती नावे द्यावयाची, ह्याची यादी होईल. दिवाळीनंतर केलेली यादी ही गेलेल्यांची गणती असते. तिचा उपयोग सरकारला असेल, मुलाला नसतो.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. आईबापांपासून सहा महिने दूर ठेवलेले मूल सुखी असते का? नसते. हंगामी वसतिगृह हा इलाज आहे, न्याय नव्हे. गावात वर्षभर पुरेल असे काम, पाणी आणि दुसरे पीक, हाच अंतिम उपाय होय. त्यासाठीचा लढा सोडून सहलींच्या मागे लागावे असे कोणी म्हणत नाही. परंतु तो लढा पुरा होईपर्यंत आज तिसरीत असलेले मूल तिसरीत थांबून राहणार नाही. त्याचे बालपण एकदाच येते आणि लढ्याच्या वेगाची वाट पाहत नाही.

चौथे काम शाळा टिकविण्याचे. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने मागविले होते. मोठ्या शाळेत मोठे मैदान, अधिक शिक्षक आणि अधिक सोबती मिळतील, हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण ओहोळापलीकडच्या सहा वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात ते मैदान कधी दिसणार? लहान शाळा रोजच्या शिक्षणासाठी पाड्यावर ठेवावी आणि खेळासाठी, सहलीसाठी, संमेलनासाठी आठ-दहा शाळांनी महिन्यातून एकदा एकत्र यावे, हा मार्ग दोन्हीतले चांगले घेणारा आहे.

आणि शेवटचे काम ठरावांचे नव्हे, संध्याकाळचे आहे. १९४१ साली राष्ट्र सेवा दल उभे राहिले ते मैदानावर. जातपात विसरून एकत्र खेळणारी मुलेच उद्या एकत्र लढतील, ही त्यामागची श्रद्धा होती. ज्यांनी त्या मैदानावर खो-खोचा पाट धरला, त्यांना कार्यकर्ता म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागले नाही. आज पाड्यावर जाणारा कार्यकर्ता निवेदने, दावे आणि अर्ज घेऊन जातो. त्याने आठवड्यातून एक संध्याकाळ चेंडू घेऊन जावे. मुले जमतील, मुलांच्या मागून आया येतील, आणि कोणत्या घरातले मूल आज आले नाही हे विचारण्याची सवय सर्वांनाच लागेल. न आलेल्या मुलाची चौकशी करणे, हीच समतेच्या राजकारणाची पहिली इयत्ता आहे. दिवाळीपूर्वी ती खोडाळ्यात सुरू झाली, तर ह्या वर्षीचे दुसरे सत्र तरी सगळ्यांचे होईल.